नाव, रंग आणि अक्षर : छोट्या उद्योगाची शैलीपुस्तिका

म्हैसूर शहरातून हुणसूरकडे जाणारा रस्ता धरला, की शहराच्या पश्चिम सीमेवर हिनकल लागते. एके काळचे हे शेतीवाडीचे खेडे शहराने आता जवळजवळ पोटात घेतले आहे. आसपास कारखान्यांच्या वसाहती उठल्या, घरांच्या नव्या रांगा उभ्या राहिल्या, आणि या गजबजाटात नन्नेश्वराचे जुने देऊळ आपली जागा धरून आहे. म्हैसूर म्हटले की मराठी माणसाला चंदन, रेशीम, उदबत्ती आणि म्हैसूरपाक यांचे स्मरण होते. हा लौकिक राजवाड्याने आणि मोठ्या कारखान्यांनी वाढविला खरा. पण त्याचा भार नित्य वाहतात ती शहराच्या कडेला, हिनकलसारख्या वस्त्यांमधून चालणारी लहान घरगुती कामकाजे.

असेच एक कामकाज डोळ्यांसमोर आणावे. घराच्या मागील पडवीत आठदहा स्त्रिया उदबत्त्या वळीत आहेत. कोळशाची पूड, जिगट आणि सुगंधी द्रव्ये यांचा लगदा बांबूच्या काडीवर हाताने फिरतो आहे. घरातील थोरला मुलगा पुडे बांधतो, धाकटा बिले लिहितो. माल चांगला आहे आणि त्याला म्हैसुरात गिऱ्हाईक आहे. हुबळी, बेळगाव, कोल्हापूर, पुणे येथेही थोडाथोडा माल जातो. मात्र पुडा गेल्या वर्षी एका छापखान्यात छापला आणि यंदा दुसऱ्या. गेल्या वर्षीचा तांबडा रंग यंदा विटकरी झाला. नावापूर्वी ‘श्री’ नव्हते, ते आले. पुड्यावरील हत्ती उजवीकडे तोंड करून उभा होता, तो बिलावर डावीकडे वळला; आणि दारावरच्या पाटीवर रंगाऱ्याने आपल्या कल्पनेने त्याला अंबारी चढविली. यांतील एकही गोष्ट घरातल्या माणसांना खटकत नाही, कारण आपला माल त्यांना ठाऊक आहे. पण पुण्याच्या तुळशीबागेत उभी असलेली गृहिणी तो पुडा हातात घेऊन दोनदा उलटापालटा करते आणि दुकानदारास विचारते, ‘हा तोच माल ना? की दुसऱ्या कुणाचा?’ दुकानदारालाही खात्री नसते. पुडा पुन्हा फळीवर जातो.

त्या क्षणी मालाचा कस कमी झालेला नसतो, किंमत वाढलेली नसते. तरी विक्री बुडते. हिनकलच्या पडवीतील हातांचे श्रम पुण्याच्या फळीवर ओळखू येत नाहीत, एवढेच घडलेले असते. ओळख टिकविण्याचा जो साधा, लेखी आणि सर्वांनी पाळावयाचा नियम, त्यालाच आज व्यापारी जगात ब्रँडची शैलीपुस्तिका म्हणतात. हे नाव जड वाटते, पण वस्तू जड नाही. आपले नाव कसे लिहावयाचे, बोधचिन्ह कसे छापावयाचे, कोणता रंग कोठे वापरावयाचा, कोणते अक्षरवळण घ्यावयाचे आणि गिऱ्हाइकाशी कोणत्या भाषेत बोलावयाचे, यांविषयीचे आपले निर्णय एके ठिकाणी नोंदवून ठेवणे म्हणजे शैलीपुस्तिका.

बोधचिन्ह आणि शैलीपुस्तिका यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. चिन्ह काढून घेतले म्हणजे काम झाले अशी समजूत असते. चिन्ह हा शब्द मानला, तर शैलीपुस्तिका हे त्याचे व्याकरण आहे. तिरंगा ध्वजाचे उदाहरण घ्यावे. तीन पट्टे आणि मध्ये चक्र एवढे वर्णन शाळकरी मूलही सांगेल. परंतु तेवढ्या वर्णनावर देशभर एकसारखे ध्वज तयार होऊ शकले नसते. म्हणून भारतीय मानक क्रमांक 1, म्हणजे या देशाने तयार केलेल्या मानकांपैकी पहिलेच, 1951 साली राष्ट्रध्वजासाठी निघाले. लांबी आणि रुंदी यांचे प्रमाण तीनास दोन, चक्राचे आरे चोवीस, ध्वजाची ठरावीक मापे, रंगांच्या छटा, कापडाची प्रत, शिवण, सारे त्यात नमूद झाले. राष्ट्राने प्रथम आपल्या ध्वजाचे माप लिहून काढले, ही गोष्ट मोठी बोलकी आहे. ज्या चिन्हावर सर्वांची श्रद्धा असते त्याचे रूप कोणा एकाच्या लहरीवर सोडता येत नाही. घरगुती धंद्याच्या पुड्याला राष्ट्रध्वजाची थोरवी नसेल. पण त्यामागचे तत्त्व मात्र तेच आहे.

म्हैसूरच्या मातीत या तत्त्वाचा एक सुंदर दाखला घडला. पहिल्या महायुद्धामुळे युरोपकडे जाणाऱ्या चंदनाची निर्यात अडली आणि संस्थानात चंदनाचे ढीग पडून राहिले. त्या वेळी कृष्णराज वडियार चौथे यांच्या राजवटीत, दिवाण विश्वेश्वरय्यांच्या काळात, म्हैसुरात चंदनतेल काढण्याचे काम सुरू झाले आणि त्याच तेलाच्या आधाराने बंगळुरास सरकारी साबण कारखाना उभा राहिला. सोसले गरळपुरी शास्त्री या रसायनज्ञाने साबण तयार केला, परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. बाजारात बहुतेक साबण चौकोनी असताना त्यांनी म्हैसूर सँडल साबणाला अंडाकृती घाट दिला. त्याची पेटी दागिन्याच्या डबीसारखी दिसावी, तिच्यावर फुलांची वेलबुट्टी असावी, याकडे लक्ष पुरविले. हत्तीचे मस्तक आणि सिंहाचे शरीर असलेला पुराणातला शरभ ही त्याची मुद्रा ठरली. वास, घाट, पेटी आणि मुद्रा अशा चार खुणा एकमेकींना दुजोरा देतात. त्यामुळे ज्याला अक्षरओळख नाही असा माणूसही तो साबण शंभर साबणांतून उचलतो. शैलीपुस्तिका हा शब्द तेव्हा येथे कोणी उच्चारला नसेल, पण ती वृत्ती येथे पुरेपूर होती.

उदबत्तीच्या व्यवसायातही म्हैसूरने असाच धडा घालून दिला. एन. रंगराव यांनी 1948 साली म्हैसुरात जो उद्योग सुरू केला, त्याने आपल्या मालासाठी सायकलचे चित्र निवडले. उदबत्ती आणि सायकल यांचा वरकरणी संबंध काय? परंतु सायकल खेड्यात होती आणि शहरातही होती. तिचे नाव कन्नड, तमिळ, मराठी, हिंदी या सर्व भाषांत जवळजवळ एकच होते. आणि चित्र पाहताच मूलही ते ओळखू शके. ज्या देशात चार कोसांवर भाषा बदलते, तेथे भाषेचा उंबरठा न ओलांडता आत शिरणारे चिन्ह हे मोठेच भांडवल होय.

मराठी उद्योजकांनाही ही दृष्टी नवी नव्हती. 1931 साली मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईच्या पुडीचा व गोळ्यांचा लहानसा धंदा काढला तेव्हा त्यांची छाप घोड्याची होती. पुढे शाईसाठी उंट आला. कॅमल आणि इंक या दोन शब्दांच्या मीलनातून ‘कॅमलिन’ हे नाव घडले, आणि पिढ्यान् पिढ्यांच्या शाळकरी मुलांनी कंपासपेटीवरचा तो उंट पाहिला. ओगलेवाडीच्या काच कारखान्याचा कंदील ‘प्रभाकर’ या एका शब्दाने घरोघर पोहोचला. किर्लोस्करवाडीच्या शंकरराव किर्लोस्करांचा पिंड चित्रकाराचा. त्यांनी कारखान्याच्या जाहिरातीचे काम हाती घेतले आणि 1920 साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याशी कोणत्या सुरात बोलावे याचा विचार त्या वाडीत झाला होता. पुढे 1941 मध्ये किर्लोस्करांचा एक कारखाना म्हैसूर संस्थानात हरिहर येथे निघाला, त्याच्या नावातही ‘म्हैसूर’ आणि ‘किर्लोस्कर’ हे दोन्ही लौकिक शेजारी बसले.

बाहेरच्या जगाने या वृत्तीला शास्त्राचे रूप दिले. जर्मनीतील ए. ई. जी. या वीजसामानाच्या कंपनीने 1907 साली पीटर बेरेन्स या कलावंतास पाचारण केले. त्याने कंपनीचे चिन्ह, अक्षर, सूचिपत्र, दिवे, इतकेच काय कारखान्याची इमारतही एका विचाराने घडविली. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी एडवर्ड जॉन्स्टन याने काढलेले अक्षरवळण 1916 मध्ये वापरात आले, आणि स्थानकाचे नाव व जाहिरात यांतील गोंधळ संपून प्रवाशाला आपले स्थानक ओळखणे सोपे झाले. हे मोठ्यांचे खेळ आहेत, लहानांना त्यांचा काय उपयोग, अशी शंका येथे निघू शकते. वस्तुतः गरज लहानालाच अधिक आहे. मोठ्या कंपनीपाशी जाहिरातीचा पैसा असतो. एक चूक झाली तर दहा जाहिरातींनी ती झाकता येते. लहान उद्योगाची सारी जाहिरात म्हणजे त्याचा पुडा, त्याची पाटी आणि त्याचे बिल. तीच तीन ठिकाणी तीन तोंडांनी बोलू लागली तर ऐकणाऱ्याने विश्वास कोणावर ठेवावा?

आता पुस्तिकेत काय असावे ते पाहू. पहिल्या पानावर एकच वाक्य असावे. आपण काय करतो, कोणासाठी करतो आणि इतरांपेक्षा कशात निराळे आहोत, हे त्यात यावे. ‘घरच्या देवापुढे रोज लावता येईल अशी, हाताने वळलेली, मंद वासाची उदबत्ती’ हे वाक्य पुरेसे आहे. ‘जगातील सर्वोत्तम सुगंधांचा अद्वितीय खजिना’ हे वाक्य निरुपयोगी आहे, कारण ते कोणालाही लागू पडते. पहिले वाक्य ठरले की पुढील बरेच प्रश्न आपोआप सुटतात. रोजच्या देवपूजेची वस्तू आहे, तेव्हा पुडा भडक नको. मंद वास आहे, तेव्हा रंगही सौम्य हवा. हाताने वळलेली आहे, तेव्हा चित्रात यंत्र नको, हात हवा.

दुसऱ्या पानावर नाव. येथे म्हैसूरकरांपुढे एक खास पेच आहे. संस्थानाचे व पुढे राज्याचे नाव म्हैसूर होते. 1 नोव्हेंबर 1973 रोजी राज्य कर्नाटक झाले. शहराचे अधिकृत नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून मैसूरु झाले. मराठीत आपण म्हैसूर लिहितो, हिंदीत मैसूर लिहितात, कन्नडमध्ये मैसूरु. मग पुड्यावर काय छापावे? पत्त्यामध्ये शहराचे अधिकृत नाव असावे; मालाच्या नावात मात्र जे रूढ आहे ते राहू द्यावे; आणि प्रत्येक लिपीतील एकच वर्णलेखन कायमचे ठरवून टाकावे. हिनकलचे ‘हिंकल’ होऊ देऊ नये. आज एक, उद्या दुसरे, असे केले तर टपालवाला घोटाळ्यात पडतोच, शिवाय दूरध्वनीच्या पडद्यावर नाव शोधणाऱ्या गिऱ्हाइकालाही आपण सापडत नाही.

तिसऱ्या पानावर बोधचिन्ह. ते किती लहान छापले तरी चालेल, त्याभोवती किती कोरी जागा सोडावी, एकाच शाईत छापताना ते कसे दिसेल, काळ्या पार्श्वभूमीवर कसे दिसेल, हे तेथे चित्राने दाखवावे. चांगल्या चिन्हाची कसोटी सोपी आहे. ते बोटाच्या पेराएवढे करून केवळ काळ्या शाईत छापावे. तरीही ओळखू आले तर चिन्ह उत्तम. अंबारी, माहूत, छत्र, चवऱ्या आणि मागे उगवता सूर्य असे सारे त्यात भरले असेल तर लहान आकारात त्याचा केवळ डाग उरतो. त्याच पानावर काय करू नये हेही लिहावे. चिन्ह ताणू नये, तिरके करू नये, त्याचा रंग बदलू नये, त्यावर सावली घालू नये. हे निषेध बारीकसारीक वाटतील, पण रंगाऱ्याचा उत्साह आवरावयास तेच उपयोगी पडतात.

चौथे पान रंगांचे. ‘तांबडा’ या एका शब्दात कुंकू, वीट, डाळिंब आणि जास्वंद सारेच येतात. म्हणून छापखान्यास रंगाचे नाव सांगून भागत नाही, त्याचे प्रमाण सांगावे लागते. रंगीत छपाई बहुधा निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाईंच्या ठिपक्यांनी होते. प्रत्येक शाई शेकडा किती, हे चार आकडे लिहून ठेवावेत. पडद्यावर मात्र रंग शाईने होत नाही, तो तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने होतो. त्यामुळे त्याचा संकेतांक निराळा असतो आणि तोही नोंदवावा लागतो. पुन्हा एकच शाई गुळगुळीत कागदावर उजळते आणि खरबरीत पुठ्ठ्यावर मंदावते. म्हणून आकड्यांबरोबर प्रत्यक्ष छापलेला, मालकाने सही केलेला एक नमुना पुस्तिकेला डकवून ठेवावा. तंटा उद्भवला तर आकड्यापेक्षा तो नमुनाच खरा साक्षीदार ठरतो. रंगही मोजकेच असावेत. एक मुख्य, एक जोडीचा आणि एक मजकुराचा, एवढ्यात लहान धंद्याचे काम उत्तम भागते.

पाचवे पान अक्षरांचे. या विषयात महाराष्ट्राला मोठा वारसा आहे. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरीस जे देखणे वळण दिले, त्याने मुद्रणाची अभिरुची घडविली. पुढे संगणकाचा काळ आला तेव्हा र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने देवनागरीसाठी ‘मंगल’ आणि कन्नडसाठी ‘तुंगा’ ही अक्षरवळणे सिद्ध केली. आता मुक्त परवान्याने, विनामूल्य मिळणारी वळणेही आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘बालू’ हे वळण देवनागरी, कन्नड आणि इतर भारतीय लिपींत एकाच कुळाचे म्हणून तयार झाले आहे. तीन लिपींत नाव छापावयाचे असेल तर अशा एकाच कुळातील अक्षरे घेणे श्रेयस्कर. नाहीतर एकाच पाटीवर तीन परके पाहुणे शेजारी बसल्यासारखे दिसतात. मराठी गिऱ्हाइकासाठी छापताना आणखी एक बारकावा पाहावा. ‘ल’ आणि ‘श’ या अक्षरांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. आपल्या वळणाचा ‘ल’ पाहिला की वाचकाला काही तरी आपले आहे असे वाटते, कारण सांगता आले नाही तरी.

पाटीच्या बाबतीत आवडीनिवडीबरोबर कायदाही आहे. कर्नाटकात 2024 च्या दुरुस्तीने दुकाने व आस्थापने यांच्या नामफलकावर साठ टक्के भाग कन्नडला देणे आवश्यक झाले आहे. महाराष्ट्रातही 2022 च्या दुरुस्तीने मराठी देवनागरी अक्षरे इतर लिपींच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरले. तेव्हा हिनकलच्या पाटीचा आणि पुण्यातील विक्रीकेंद्राच्या पाटीचा असे दोन आराखडे पुस्तिकेत आधीच असावेत. पाटी लागल्यावर नोटीस येण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

सहावे पान भाषेचे, आणि नेमके तेच बहुधा कोरे राहते. गिऱ्हाइकाला आपण कसे संबोधणार? ‘आपण’ की ‘तुम्ही’? कन्नडमध्ये ‘नीवु’ या आदरार्थी रूपाने बोलत असू, तर मराठी मजकुरात एकदम ‘तू’ येता कामा नये. माल खराब निघाल्याची तक्रार आली तर उत्तर कोणत्या शब्दांत द्यावयाचे? ‘आपणास त्रास झाला. पुडा बदलून पाठवीत आहोत’ हे दोन वाक्यांचे उत्तर पुस्तिकेत लिहून ठेवले, तर मालक गावी गेला असताना धाकटा मुलगाही तेच उत्तर देईल. शिवाय काय म्हणावयाचे नाही हेही लिहावे. उदबत्तीने रोग बरे होतात, लक्ष्मी प्रसन्न होते, असले दावे विक्री वाढवितात असे वाटते. प्रत्यक्षात ते नावाची पत खातात.

सातव्या पानावर कायद्याने आवश्यक असलेला मजकूर. आवेष्टित मालाविषयीचे 2011 चे वजनमाप नियम सांगतात की पुड्यावर उत्पादकाचे नाव व पत्ता, वस्तूचे सामान्य नाव, निव्वळ परिमाण, तयार केल्याचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असला पाहिजे. आकड्यांची किमान उंचीही ठरलेली आहे. सजावट करणारा हा मजकूर नेहमी शेवटी कोपऱ्यात कोंबतो, आणि मग पुडे परत येतात. त्याची जागा आराखड्यात प्रथमच राखावी.

नावाचे आणि चिन्हाचे संरक्षण हा याच पानाचा दुसरा भाग. व्यापारचिन्हांचा प्रचलित कायदा 1999 चा असून तो 2003 पासून अमलात आला. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुनःपुन्हा वाढविता येते. व्यक्ती आणि लहान उद्योग यांना शुल्कात मोठ्यांच्या तुलनेने निम्मी सवलत आहे. नोंदणी होण्यापूर्वी वर्तुळातील ‘आर’ हे अक्षर छापण्यास कायद्याने मनाई आहे. तोवर ‘टीएम’ ही खूण वापरावी. चिन्ह काळ्या-पांढऱ्या रूपात, रंगाची मर्यादा न घालता नोंदविले, तर ते सर्व रंगांसाठी नोंदविले असे मानले जाते, ही गोष्ट लहान उद्योजकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

‘म्हैसूर’ या शब्दावरही सर्वांची सारखी मोकळीक नाही. म्हैसूर रेशीम, म्हैसूर उदबत्ती, म्हैसूर सँडल साबण यांना भौगोलिक निर्देशनाच्या कायद्याखाली नोंदणी मिळाली आहे. अशा नोंदलेल्या नावाचा वापर करावयाचा तर अधिकृत वापरकर्ता म्हणून आपली नोंद करून घ्यावी लागते. हिनकलच्या कारागिराला ती मिळविण्याची खटपट करावी लागते, हे खरे. पण परप्रांतात कोठे तरी वळलेल्या काड्यांवर ‘म्हैसूर’ छापणाऱ्याला अडविण्याचे साधनही तेच आहे. तसेच राजवाड्याच्या वैभवाने भारून गंडभेरुंडाची राजमुद्रा पुड्यावर घेण्याचा मोह या शहरात पुष्कळांना होतो. राज्यसरकारच्या चिन्हाचा व्यापारासाठी वापर 1950 च्या कायद्याने निषिद्ध आहे. उसने वैभव घेण्यापेक्षा स्वतःचा लहानसा हत्ती बरा.

अशी पुस्तिका तयार करावयास फार खर्च येत नाही. एखाद्या रविवारी घरातील मोठ्या सतरंजीवर आजवर छापलेले सारे पुडे, बिले, पिशव्या, लग्नसराईच्या भेटपेट्या आणि पाटीचे छायाचित्र मांडावे. आपलीच किती रूपे झाली आहेत हे पाहून प्रथम हसू येईल आणि मग चिंता वाटेल. त्यांतून गिऱ्हाइकाला सर्वांत अधिक ओळखीचे कोणते, हे दुकानदारांना विचारावे, कारण घरच्यांची आवड आणि बाजाराची ओळख या दोन गोष्टी निरनिराळ्या असतात. ओळखीचे ते ठेवावे, नडते ते काढावे. चिन्ह सफाईदार काढून घेण्यासाठी जाणत्या चित्रकाराला मोबदला द्यावा आणि त्याच्याकडून चिन्हाची मूळ संगणकीय प्रत व हक्काचा लेखी कागद मागून घ्यावा. पुष्कळांचे चिन्ह छापखान्याच्या संगणकात अडकून पडते आणि छापखाना बदलला की हरवते. मग आठदहा पानांची पुस्तिका करून तिची एक प्रत घरात, एक छापखान्यात, एक पाटीवाल्याकडे द्यावी. निर्णयाचा अधिकार घरातील एकाच व्यक्तीकडे असावा. चार जण मालक असले की चार रंगांचे पुडे होतात.

सरकारी कचेरीत जो अनुभव येतो तोच येथेही लागू आहे. नियम थोडे असले तर पाळले जातात. शंभर झाले की कपाटात जातात. नियमामागचे कारण एका ओळीत लिहिलेले असले, तर तो पाळणाऱ्याला ओझे वाटत नाही. आणि नियम बदलण्याची रीतही नियमातच असावी. दर दोनतीन वर्षांनी पुस्तिका उघडावी, जुने झाले असेल ते सुधारावे, तारीख घालावी. दिवाळीच्या पेटीला निराळा साज हवा असेल तर तो अवश्य द्यावा. फक्त नाव, चिन्ह आणि मुख्य रंग जागचे हलू देऊ नयेत. सणासुदीला माणूस नवे कपडे घालतो, पण चेहरा बदलीत नाही.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे. पुस्तिका मालाची जागा घेऊ शकत नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी स्थिती असली तर देखणे बोधचिन्ह उलट घातच करते. कारण वाईट अनुभवही गिऱ्हाईक त्याच चिन्हावरून लक्षात ठेवते. चिन्ह म्हणजे दिलेला शब्द. तो पाळावयाचा नसेल तर तो न दिलेला बरा. म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मालाचे प्रमाणही लिहावे. काडीची लांबी किती, एका पुड्यात किती काड्या, वासाचे मिश्रण कोणते, वाळवण किती दिवसांची. बाहेरचे रूप आणि आतला कस ही दोन्ही एकाच वहीत नांदली, की त्यांची फारकत होण्याची भीती उरत नाही.

हिनकलच्या पडवीतील स्त्रिया पुण्याच्या तुळशीबागेत कधी जाणार नाहीत. त्यांच्या बोटांची सफाई, लगद्याचा मऊपणा अजमावण्याची त्यांची जाण, पावसाळ्यात वाळवणासाठी त्यांनी घेतलेले कष्ट यांची वार्ता तेथवर नेणारा एकच दूत आहे, तो म्हणजे पुडा. तो दर वेळी निराळा चेहरा घेऊन गेला तर त्यांचे श्रम अनोळखी राहतात, आणि अनोळखी श्रमांना बाजारात भाव येत नाही. तो एकाच चेहऱ्याने, एकाच नावाने वर्षानुवर्षे जात राहिला, तर कधी तरी ती गृहिणी पुडा उलटून न पाहताच पिशवीत टाकते. आठ पानांच्या वहीकडून याहून मोठी अपेक्षा करण्याचे कारण नाही, आणि लहान उद्योगाला याहून मोठ्या प्रशस्तिपत्राची गरजही नाही.